खोली रिकामी असावी

११ जानेवारी

बारक्या,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं गार. म्हणून पत्र लिहितेय. पत्ता तुझ्या त्या चष्मेवाल्या सहायक मुलीकडून घेतला. तिला बोलू नकोस, मीच तिचा पिच्छा पुरवला होता.

आधी तक्रार ऐक. तुझ्या खोलीला अप्पा दिसत नाहीत.

हसू नकोस, नीट सांगते. तुझं काम आमच्या कलादालनात लागलं, बाहेर पाटीवर तुझं नाव आलं. मी इथे दारावर बसते हे तुला पक्कं माहीत आहे, तरी तू आला नाहीस. चष्मेवाली आली, छताला कॅमेरे टांगले, प्रोजेक्टर लावले, मला बटणं शिकवली आणि गेली. आता तुझी खोली मी सांभाळते. सकाळी यंत्रं सुरू करायची, एक बटण दाबायचं म्हणजे खोली स्वतःला तपासून घेते, आणि दार उघडायच्या आधी पुन्हा तेच, कारण सकाळी यंत्रं गार असतात म्हणे. तपासताना खोली रिकामी असावी, अशी तिची सक्त ताकीद. मी बादली, शिडी, पुसायचं फडकं सगळं बाहेर काढून ठेवते. कामात माझी खोट कोणी काढायची नाही, हे तुला ठाऊक आहे.

पहिल्यांदा मला वाटलं, लोक तिकीट काढून स्वतःला बघायला येतात, घरी आरसे नाहीत का ह्यांच्या? पण आरशाची गोष्ट वेगळी, हे मी आता कबूल करते. भिंतीवर तो पिठासारखा उजेड पसरलेला असतो. माणूस आत गेलं की तो गोळा होत होत त्याच्या आकाराचा होतो. नाक नाही, डोळे नाहीत, कपडे नाहीत, नुसती उभं राहायची पद्धत. गप्प उभं राहिलं तर दाट होतो, हललं की विस्कटतो. परवा एक बाई बाहेर आल्या आणि माझ्याच खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मी इतकी वाकून उभी राहते? आणि घरात कोणी बोललं नाही मला?" मी त्यांना पाणी दिलं. असं रोज कोणीतरी असतं. खरं सांगू, मला तुझं कौतुक वाटलं.

आता अप्पांचं. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही. गॅस सुरू ठेवून विसरतात आणि मग मलाच विचारतात, वास कसला येतोय. मॅनेजरांना विचारून मी त्यांना सोबत आणते. दिवसभर ते सामानखोलीत बसतात, पेपर वाचतात, बॅगा ठेवायला येणाऱ्यांना न विचारता रस्ते सांगतात. उभी हयात बस चालवलेला माणूस तो, गप्प कसा बसेल. फक्त सकाळी, मी साफसफाई करते तेवढा वेळ, तुझ्या खोलीत कोपऱ्यातल्या बाकड्यावर त्यांना बसवते, म्हणजे माझ्या नजरेसमोर राहतात.

पहिल्या दिवशी त्यांनी बाहेरची पाटी वाचली. मला वाटलं आता भडकणार. तर म्हणाले, "आडनाव बरोबर लिहिलंय." बस्स. आत येऊन बसले आणि भिंतीकडे बघायला लागले.

मी भिंतीसमोरून गेले की माझा आकार उमटतो. अप्पा बसलेत तिथे काहीच नाही. हात वर केला तर नुसता पंजा चमकतो, हात खाली गेला की तोही विझतो. रोज तेच. मी तपासलं, एका सकाळी यंत्रं सुरू करायच्या आधीच बाकडं सरकवून बघितलं, काही उपयोग नाही. आणि काल अप्पा काय म्हणाले माहीत आहे? "मी त्याला सांगितलं होतं, ह्या घरात तुला जागा नाही. त्याने त्याच्या खोलीत मला जागा ठेवली नाही. फिट्टमफाट झाली."

आई दवाखान्यात असताना तू परदेशात तुझी पहिली खोली उभी करत होतास. आलास तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि अप्पांनी तुला दारातूनच परत पाठवलं. त्यात कोण बरोबर, कोण चूक, ह्याचा निवाडा मी करत नाही. मला एवढंच सांग, हे तू मुद्दाम केलंस का? अप्पांचा चेहरा वगैरे यंत्राला शिकवून त्यांना वगळता येतं का? येत असेल तर थू तुझ्या कलेवर. आणि येत नसेल तर तसं लिही, म्हणजे मी त्यांना वाचून दाखवते.

ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मला सवय आहे.

अप्पांनी प्रयत्न सोडलेला नाही. त्यांना वाटलं, यंत्राला मळखाऊ रंग दिसत नसतील. म्हणून पांढरा शर्ट काढायला लावला, मी इस्त्री केली. काही नाही. मग म्हणाले, मी फार हलतो बहुतेक. मग श्वास रोखून बसले. मी ओरडले, "अहो, जीव जाईल अशाने!" तर म्हणाले, "थांब गं, आत्ता येईल."

मी म्हटलं, दुपारी चला, इतर लोकांसारखे उभे राहून बघा. तर म्हणतात, तिकीट काढून लेकाच्या दारात उभं राहायचं? मी म्हटलं, तुम्हाला तिकीट कोण मागतंय? तर म्हणाले, फुकट तर मुळीच नको. बोला आता! तुम्हा दोघांना एकाच साच्यातून काढलंय.

पण रोज सकाळी माझ्या आधी तयार होऊन दारात बसलेले असतात, बूट घालून. तुझ्या खोलीत आले की ड्रायव्हरच्या सीटवर बसतात तसे ताठ बसतात, एक कोपर बाहेर, अगदी खिडकीत टेकवल्यासारखं. आणि भिंतीशी बोलतात. मला वाटायचं माझ्याशी बोलताहेत. काल नीट ऐकलं तर म्हणत होते, "राग आहे तर तोंडावर सांग. असं न बघितल्यासारखं काय करतोस?"

मला फडकं पिळत तिथेच उभं राहावं लागलं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "त्याला लिहितेस ना तू? लिही, अप्पा रोज येतात म्हणावं. एवढंच लिही. बाकी काही नको."

लिहिलं. एक ओळ पाठव, बारक्या. शिव्या दे हवं तर, पण त्यांच्या नावाने दे. त्यांना तेवढंही पुरेल.

ताई


२० फेब्रुवारी

मी तुला मेसेज केला, अप्पा गेले. तुझं उत्तर आलं, "समजलं."

काय समजलं रे तुला?

ते सकाळी तुझ्याच बाकड्यावर होते. मी यंत्रं सुरू केली, बटण दाबलं, दाराची काच पुसत होते. वळून बघते तर अप्पा एका अंगावर कलंडलेले. पुढचं काय सांगू. गाडी आली, लोकांनी उचललं, मी त्यांची काठी हातात घेऊन मागे धावले. दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. दवाखान्यातून तुला कळवलं होतं, मी वाट बघितली तुझी. डॉक्टरांनी विचारलं, अजून कोणी यायचंय का? मी म्हटलं, हो, थांबा जरा. ते बिचारे थांबले. शेवटी मीच सांगितलं, कोणी यायचं नाही.

हे पत्र लिहायचं नव्हतं मला. तुझ्याशी संबंध संपला असंच ठरवलं होतं. पण आज कामावर परत गेले आणि जे बघितलं ते तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

मी नव्हते तेव्हा तिकीटवाल्या बाईने खोली सांभाळली. तिला बटणांचं काही कळत नाही, यंत्रं बंद केली तर पुन्हा सुरू होतील की नाही ह्या भीतीने तिने ती दिवसरात्र चालूच ठेवली. मी आत गेले, बादली खाली ठेवली आणि कोपऱ्यात बघितलं.

भिंतीवर अप्पा बसलेत.

बाकडं रिकामं आहे आणि भिंतीवर ते बसलेत. ताठ, एक कोपर बाहेर. इतका दाट उजेड मी त्या खोलीत कधी बघितला नव्हता, कारण ते हलतच नाहीत. लोक येतात, त्यांचे आकार उमटतात, विस्कटतात, ते निघून जातात. अप्पा तिथेच. बघायला आलेल्यांना वाटतं ही तुझीच करामत. एक कॉलेजातली मुलगी मला म्हणाली, "तो बसलेला माणूस फार छान आहे, त्याच्याजवळ बसलं की धीर येतो."

मी तिथे खाली फरशीवर बसून रडले. मला वाटलं, तू केलंस. मला वाटलं, बातमी कळल्यावर तुला राहवलं नाही आणि तिकडून तू त्यांना आत घेतलंस. तसं असेल तर मी तुझं सगळं विसरले. पण मग आधी का नाही रे? ते बसून होते तेव्हा का नाही?

ताई


२७ फेब्रुवारी

बारक्या,

तू केलेलं नाहीस. आता कळलं. चष्मेवालीला फोन केला. तिला अप्पांचं काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं, "त्या कोपऱ्यातल्या माणसाला कोणी बसवलं?" ती म्हणाली, "कोणी नाही मावशी, ते बटण दाबताना तिथे काहीतरी होतं का?"

मग तिने समजावलं, अगदी पहिलीच्या मुलीला समजावतात तसं. बटण दाबलं की खोली स्वतःला तपासत नाही, ती रिकामेपण शिकते. त्या क्षणी आत जे काही असेल ते तिच्या लेखी खोलीच. मग नंतर वेगळं काही आलं की ते माणूस, त्याचा उजेड करायचा. अप्पा बाकड्यावर असताना मी रोज बटण दाबत होते. म्हणजे भिंती, छत, बाकडं आणि अप्पा, हे सगळं मिळून तिला रिकामं वाटायचं. त्यांना बाहेर नेल्यावर मी दुसऱ्यांदा दाबायचे, तेव्हा ती पुन्हा नव्याने शिकायची, म्हणून कोणाला कधी काही दिसलं नाही. त्यांना उठवताना आम्हा दोघांचं लक्ष तर खाली, वायरीत काठी अडकू नये म्हणून.

त्या दिवशी दुसऱ्यांदा दाबायला मी नव्हते. खोलीने अप्पांना रिकामं म्हणून शिकून घेतलं आणि मग अप्पांना उचलून नेलं. तेव्हा तिला वाटलं, इथे कोणीतरी आलंय. होते तेव्हा नव्हते, आणि गेल्यावर आले.

बादली बाहेर काढली, शिडी काढली, फडकंसुद्धा बाहेर वाळत घातलं. अप्पांना बाहेर बसवायचं माझ्या मनातही आलं नाही. घरचं माणूस, ते कुठे मध्ये येणार?

तर आता ऐक. ह्यात तुझी चूक नाही आणि ते गेले ते मात्र तू त्यांना वगळलंस असं मनात धरून गेले. हे मला झोपू देत नाही. मला आता त्यांना सांगता येत नाही. तुला सांगता येतंय म्हणून सांगते, ते तुझ्या खोलीत रोज आले. चांगला शर्ट घालून आले. तू त्यांच्याकडे बघावंस म्हणून त्यांनी श्वास रोखला.

ये आणि बघ त्यांना. यंत्रं बंद केली किंवा बटण दाबलं की ते जातील, हे चष्मेवालीने स्पष्ट सांगितलंय. म्हणून मी बंद करत नाही. रोज सकाळी बटणाजवळ जाते आणि न दाबताच परत येते. मॅनेजर कुरकुर करतात, कोपऱ्यात तो डाग कसला म्हणतात, यंत्रं तापतात म्हणतात. मी त्यांना थापा मारून थांबवलंय, कलाकारालाच तसं हवंय असं सांगितलंय. तुझ्या नावावर खोटं बोलले, घे.

फार दिवस थांबवता येणार नाही. लवकर निघ. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी दारातून बाजूला होईन, तू सरळ आत जा.

ताई


६ मार्च

बारक्या,

आता घाईचं काही राहिलं नाही, म्हणून हे सावकाश लिहितेय.

काल दालनाला सुट्टी होती. मी दुपारी किल्ली घेऊन गेले. मला अप्पांजवळ बसायचं होतं, कोणी बघणारं नसताना. आजवर मी त्या खोलीत पुसायला आणि झाडायलाच गेले होते.

आधी समोर उभी राहिले. माझा आकार उभा, त्यांचा बसलेला. मग काय वाटलं कोण जाणे, जाऊन त्यांच्याच जागेवर बसले. त्यांच्यासारखी पाठ ताठ केली, कोपर बाहेर काढलं. भिंतीवरचा उजेड मधून विझला. मला वाटलं, घालवले मी त्यांना. पण नाही. अप्पा माझ्यापेक्षा रुंद होते ना? मी जेवढी, तेवढीच भिंत काळी झाली. माझ्या बाहेर जेवढे अप्पा उरत होते तेवढे उजेडातच होते. खांद्यांवरून, दंडांवरून, डोक्याभोवती बारीक कड राहिली होती त्यांची. मी त्यांच्या आत बसले होते.

मी बोलले त्यांच्याशी. सांगितलं सगळं, बटणाचं, बादलीचं. म्हटलं, अप्पा, त्याने तुम्हाला वगळलं नव्हतं हो, यंत्राची गंमत होती, आपला बारक्या तसा नाही. फार बरं वाटलं मला. किती वेळ बसले कोण जाणे.

आणि मग ती कड गेली. हळूहळू नाही, एकदम. मी हलले नव्हते. यंत्रं चालू होती, भिंतीवर इकडेतिकडे पीठ भुरभुरत होतं. फक्त अप्पा नव्हते.

मी मॅनेजरांना फोन केला. ते खुशीत होते. म्हणाले, "झालं का साफ? मी साहेबांना कळवलं होतं, कोपऱ्यात डाग आहे म्हणून. त्यांनी तिकडूनच दुरुस्त केलं, दोन मिनिटांचं काम म्हणाले."

साहेब म्हणजे तू.

मी तिथे बसून होते, बारक्या, तू तिकडून बटण दाबलंस तेव्हा.

माझी पत्रं तू वाचली होतीस की नाही, मला माहीत नाही. वाचून दाबलंस की न वाचता, हे मी विचारणार नाही आणि तूही मला कधी सांगू नकोस. न वाचता दाबलंस, असंच मी धरून चालणार आहे. पाकिटं तशीच पडली असतील कुठेतरी, आणि कोणीतरी डाग म्हटलं म्हणून तू डाग पुसलास. कामात तुझीही कोणी खोट काढायची नाही, आपल्या घरचीच खोड ती. मी पहिल्यांदा तुझ्यावर इतकी चिडले की फोन भिंतीवर आपटणार होते. मग ती चीड कुठे गेली कळलं नाही.

मग मी उठले. उठले आणि बघितलं, भिंतीवर मी बसलेय.

तुझ्या खोलीने मला रिकामं म्हणून शिकून घेतलं होतं. बाकडं सोडल्याबरोबर मी तिथे उमटले, दाट, न हलणारी. ती अप्पांसारखी बसलेली नव्हती रे. बोलता बोलता केव्हातरी माझं कोपर आत आलं असणार, पाठ सुटली असणार. हात मांडीत घट्ट धरलेले, पाय मागे ओढलेले, मान दाराकडे. कोणी हाक मारली की लगेच उठायचं, अशी बसलेली बाई. मी अशी बसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? आई गेल्यावर अप्पांनी हाक मारली की उठायचे, दालनात घंटा वाजली की उठायचे, तुझा फोन येईल म्हणून उठायचे. त्या बाईकडे बघून मला इतकं वाईट वाटलं. दुसऱ्या कोणाची असती तर मी तिला पाणी दिलं असतं.

उद्या सकाळी मी बटण दाबणार आहे. नियमाप्रमाणे, खोली रिकामी करून. भिंतीवर मला बसवून ठेवायची मला हौस नाही.

इतकी वर्षं मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी होते. तुझं त्यांना सांग, त्यांचं तुला सांग. ही सगळी पत्रंसुद्धा बघ, अप्पांचीच होती, माझी अशी त्यात एक ओळ नाही. आता पलीकडे कोणी राहिलं नाही, तर मला कळतच नाही तुला काय लिहायचं. हे एवढंच माझं आहे. घरी आल्यावर दोन खोल्यांत मी एकटी असते. बोलायला कोणी नाही. संध्याकाळी मी बूट काढत नाही बराच वेळ, तशीच बसते.

अप्पांसाठी येऊ नकोस, ते राहून गेलं. माझ्यासाठी ये. मी अजून आहे.

तुझी
ताई